तुटक्या पंखाच्या मागे

मर्लचं म्हणणं होतं की मी आज खाली किनाऱ्यावर उतरूच नये.

"वारा बघ कसला सुटलाय," ती म्हणाली. "पिल्लं कुठंतरी आडोशाला दबून बसली असतील. उद्या जा."

"उद्या ढग येणार आहेत. मला तिरपं ऊन पाहिजे."

"तुला ऊन नको, तुला ती पट्टी पाहिजे. खरं बोल की."

खरं तेच होतं. हुडी हा आमच्या किनाऱ्यावरचा छोटा पक्षी. मुठीत मावेल न मावेल एवढा. डोकं काळं कुळकुळीत, कुणी टोपी मानेपर्यंत ओढून बसवल्यासारखं, डोळ्याभोवती लाल कडं. घरटं म्हणजे कोरड्या वाळूत टाचेनं दाबल्यासारखा एक खळगा, बस. पिल्लं अंड्यातून निघाली की दुसऱ्या दिवशी आपल्या पायांनी पळतात, आपले किडे आपण टिपतात, पण उडायला पाच आठवडे लागतात. तोवर त्यांना जीव वाचवायची एकच विद्या येते. आईबापांनी इशारा केला की असतील तिथं पोटावर पडायचं आणि हलायचं नाही. मग तुमचा बूट डोक्यावर आला तरी ती हलत नाहीत.

या जोडीतल्या बापाच्या उजव्या पायात नारिंगी पट्टी होती. कधीकाळी कुणीतरी त्याला धरून ती घातलेली, तिच्यावर दोन अक्षरं कोरलेली. वाळूनं आणि खाऱ्या पाण्यानं ती झिजली होती. भर दुपारी दुर्बिणीतून बघितलं तर नुसती नारिंगी टिकली दिसायची. पण सूर्य खाली आला, ऊन आडवं पडलं, की कोरलेल्या खाचेत सावली भरते आणि अक्षर उठून दिसतं. पाखरांची नोंद ठेवणाऱ्या शहरातल्या बाईंनी पत्र पाठवलं होतं, जमलं तर फोटो काढा, अक्षरं कळली तर तो कुठला, किती वर्षांचा, ते सांगता येईल. मला स्वतःला अक्षरं फार उशिरा आली, शेवंडी धरायच्या बोटीवरचं काम सोडल्यावर. त्यामुळे न वाचलेली दोन अक्षरं समोरून तुरुतुरु पळत असली की माझ्या जिवाला चैन पडत नाही.

मर्लला हे ठाऊक होतं. म्हणून ती फार अडली नाही.

"जा मग," ती म्हणाली. "पण ओल्या वाळूतनंच. कोरड्यावर पाय टाकलास तर इथनं थर्मास फेकून मारीन."

तिच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन सहा आठवडे झाले होते. पायऱ्या उतरायला डॉक्टरांनी बंदी केली होती, तेव्हा ती वर गाड्या लावायच्या जागेत कठड्यापाशी घडीच्या खुर्चीत बसायची. मांडीवर लोकरीची शाल, पुढ्यात स्टँडवरची मोठी दुर्बीण, हातात वॉकीटॉकी. दुसरी वॉकीटॉकी माझ्या खिशात. पाखरांवर लक्ष ठेवणारे आम्ही पूर्वी सात जण होतो. दोरी बांधायची, पाट्या लावायच्या, लोकांना कुत्रे साखळीला धरा म्हणून विनवायचं, शिव्या खायच्या. आता दोघंच उरलो होतो. ईस्टरनंतर मर्लची मुलगी तिला बॅलरॅटला घेऊन जाणार होती, समुद्रापासून लांब. अकरा वर्षांत तिनं इथून एकच पिल्लू उडताना बघितलं होतं.

या हंगामात जोडीनं चार वेळा अंडी घातली. पहिली उधाणात गेली, दुसरी कावळ्यांनी नेली, तिसऱ्या खळग्यावर कुणीतरी टॉवेल अंथरून ऊन खात पडलं. चौथ्या वेळी तीन पिल्लं निघाली. एक दुसऱ्याच दिवशी समुद्री पक्ष्यानं उचललं. दोन उरली होती, नऊ दिवसांची. जानेवारी, म्हणजे आमच्याकडचा भर उन्हाळा, संपत आला होता. आता पाचव्यांदा अंडी घालायला दिवस उरले नव्हते. ही दोन गेली तर मर्लच्या वाटणीला काही उरणार नव्हतं.

मी पायऱ्या उतरलो. कॅमेरा ट्रायपॉडवर चढवलेला, ट्रायपॉड खांद्यावर. पाठीशी सूर्य, उजव्या हाताला समुद्र, डाव्या हाताला बोचऱ्या गवतानं भरलेली वाळूची टेकडी. किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं, म्हणजे माणूस नव्हतं. दक्षिणेचा वारा कानात सुयांसारखा शिरत होता.

"ऐकू येतंय का, कॅप्टन?" खिशातून मर्ल बोलली. मी आयुष्यभर बोटीवर दोर ओढले, कप्तान कधीच नव्हतो, म्हणून ती मला कॅप्टन म्हणते.

"येतंय."

"बाप तुझ्यासमोर आहे, ऐंशी पावलांवर. मादी भरतीनं आणून टाकलेल्या शेवाळाच्या ओळीत बसलीय. पोटाखाली दोन्ही आहेत असं वाटतंय, पण शेवाळच इतकं आहे की मला नीट दिसत नाही."

"बाप कुठल्या बाजूला?"

"कोरड्यावर. तू ओल्यावर राहा."

मी ओल्या वाळूतून पुढं गेलो. दहा पावलं, थांबायचं, ट्रायपॉड टेकवायचा, लेन्समधून बघायचं, उचलायचं, पुन्हा दहा पावलं. सूर्य इतका खाली आला होता की माझी सावली माझ्यापुढं झाडाएवढी पडत होती. ती पाखरावर पडू नये म्हणून मी जरा बाजूनं चाललो होतो. लेन्समध्ये बाप आला. पाठीवर सोनेरी उजेड, छाती पांढरी शुभ्र. पट्टी दिसली, पण तो सारखा पळत होता. पळताना पाय म्हणजे नुसती धूसर रेघ.

मग त्यानं पंख टाकला.

ज्यानं हे बघितलं नाही त्याला पहिल्यांदा वाटतं की पाखराला काहीतरी लागलं. तो एक पंख वाळूत फरफटवतो, शेपूट पंख्यासारखी पसरतो, लंगडतो, पडतो, पुन्हा उठतो. सगळं सोंग असतं. शत्रूला वाटावं की हे जखमी आहे, सहज सापडेल, आणि त्यानं पिल्लं सोडून आपल्या मागं यावं. आमच्या कामातली ही पहिली शिकवण. हुडीनं पंख टाकला म्हणजे तुम्ही पिल्लांच्या फार जवळ आहात. तिथं थांबू नका, खाली बघत बसू नका. बाप नेईल तिकडं निमूटपणे जा. तो तुम्हाला पिल्लांपासून लांबच नेणार. मी हे शंभर लोकांना शिकवलं असेल.

म्हणून मी त्याच्या मागं गेलो. तो कोरड्या वाळूवर होता, तेव्हा मीही कोरड्यावर चढलो. मर्लची ताकीद आठवली, पण बापानं बोलावल्यावर जायचं हा नियम त्याहून मोठा. शिवाय आज पठ्ठ्यानं मला बाजू दिली होती. एरवी पंख टाकून पळताना तो पाठमोरा असतो, पाय दिसतच नाहीत. आज उजवी बाजू सगळी माझ्याकडं, आणि पट्टी उन्हात पेटल्यासारखी. मी ट्रायपॉड टेकवला. वाऱ्यानं लेन्स थरथरत होती, म्हणून एक पाय वाळूत चांगला दाबून रोवला. बटण दाबलं. पुन्हा दाबलं. अक्षरं दिसत होती. पहिलं तर मी तिथंच वाचलं.

एक पाऊल पुढं टाकावं म्हणून मी पाय उचलला.

"क्लेम. थांब."

ती मला नावानं कधी हाक मारत नाही, म्हणून पाय हवेतच राहिला.

"पाय खाली ठेवू नको. मागं घे. जिथनं उचललास तिथंच ठेव. तिथंच."

मी ठेवला.

"काय झालं?"

"शेपूट बघ त्याची."

मी लेन्सवरनं डोळा काढला आणि नुसत्या नजरेनं बघितलं. बाप अजून फरफटत होता. त्याची पसरलेली शेपूट माझ्याकडं नव्हती. डावीकडं होती, टेकडीकडं. तो ते सोंग माझ्यासाठी करतच नव्हता. मी टेकडीकडं बघितलं. गवत वाऱ्यानं आडवं होत होतं, आणि एका ठिकाणी आडवं न होणाऱ्या दोन गोष्टी होत्या. दोन तिकोनी कान.

"कोल्हा," मी म्हणालो.

"कोल्हा. आणि तू कोरड्यावर चढलास तशी मादी तुझ्या वाटेतनं उठून पळाली. मी तिच्यावर नजर लावून होते."

"पिल्लं?"

मी पुन्हा बटण दाबलं.

"मर्ल, पिल्लं?"

"दोन्ही निघाली तिच्याखालनं. दोन-तीन पावलं पळाली आणि पडली. मग तू मध्ये आलास. मला तुझी ढेंगं दिसतायत, दुसरं काही दिसत नाही."

बाप कोल्ह्याला पिल्लांपासून लांब नेत होता, आणि मी बापाच्या मागं जात पिल्लांवर आलो होतो. दुसऱ्या कुणाला ही चूक जमली नसती. येणाराजाणारा माणूस आपला ओल्या वाळूतून सरळ निघून गेला असता.

मी खाली बघितलं. पायाखाली सुकलेलं शेवाळ, फुटके शिंपले, लाकडाच्या ढलप्या, पांढुरकी, पिवळट, तपकिरी वाळू. हुडीचं पिल्लू पांढुरकं, पिवळट, तपकिरी असतं. लिंबाएवढं. मी डाव्या बुटाच्या चारी बाजूंनी बघितलं, मग उजव्या. काही नाही. बुटाखाली काय आहे ते बूट उचलल्याशिवाय दिसणार नव्हतं. आणि उचलला तर ठेवायचा कुठं?

"हलू नको," मर्ल म्हणाली.

"हलत नाही."

"हलतोयस. इथनं दिसतंय."

"तो गुडघा आहे, मी नाही."

माझा डावा गुडघा बोटीवरच गेला. पाच मिनिटं एका जागी उभा राहिलो की तो आपोआप थरथरायला लागतो, आणि मग कधीतरी सगळा माणूसच खाली बसतो. मी ट्रायपॉडला धरलं होतं. पडलो असतो तर नव्वद किलो वजन नेमकं कुठं पडलं असतं?

कोल्हा उभा राहिला. आता त्याचा सगळा चेहरा दिसत होता, बारीक, तांबडा. तो बापाकडं बघत होता, मग माझ्याकडं, मग माझ्या पायांच्या आसपास. बापाचं सोंग त्याला पटलेलं दिसत नव्हतं. म्हातारा कोल्हा असणार.

"मी ओरडू का त्याच्यावर?"

"ओरड. पण पाय न हलवता."

मी ओरडलो. कोल्ह्यानं कान मागं घेतले आणि खाली बसला. बसला म्हणजे थांबला. त्याला घाई नव्हती. अंधार पडायला अर्धा तास होता आणि अंधार त्याचा होता.

"तू तिथं आहेस तोवर तो येणार नाही," मर्ल म्हणाली.

"मग उभा राहतो."

"आणि तू तिथं आहेस तोवर मादीही येणार नाही. ती पाण्याजवळ धावतेय, सारखी इकडून तिकडं. पिल्लं उघड्यावर आहेत, क्लेम. या वाऱ्यात."

एवढ्या लहान पिल्लाच्या अंगात ऊब टिकत नाही. दर थोड्या वेळानं आईच्या पोटाखाली शिरावं लागतं. गार वाऱ्यात पंधरा मिनिटं, फार तर वीस. मागच्या वर्षी एक सापडलं होतं आम्हाला, अंगावर ओरखडा नाही, नुसतं पडून राहून गार झालेलं. मर्लनं ते रुमालात गुंडाळून घरी नेलं होतं आणि पुढं काय केलं ते कधी सांगितलं नाही.

"किती वेळ झाला?"

"चार मिनिटं."

मला वाटलं होतं दहा झाली.

"खाली बसावं लागेल," मी म्हणालो. "हातानं चाचपत मागं जातो. जिथं हात फिरेल तिथं गुडघा."

"जमेल?"

"तुला दुसरं काही सुचतंय?"

"सुचत असतं तर इतकं गप्प बसले असते होय रे?"

वॉकीटॉकी मी शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली, ट्रायपॉडला दोन्ही हातांनी धरलं आणि खाली गेलो. उकिडवं बसताना गुडघ्यातून असा आवाज आला की बाप क्षणभर सोंग विसरून माझ्याकडं बघायला लागला. उकिडवा बसलो, मग एक हात वाळूवर आणला.

माझ्या तळव्यांना काही कळत नाही. पन्नास वर्षं ओले दोर ओढून कातडी बुटाच्या टाचेसारखी झालीय. गरम कप धरला तरी पत्ता लागत नाही. म्हणून मी हात उलटा केला आणि मागच्या बाजूनं, जिथं कातडी पातळ आहे तिथनं, वाळूवरनं फिरवायला लागलो. वाळू वरून अजून कोमट होती. तेच वाईट होतं. पिल्लूही कोमटच लागणार.

शेवाळाचा फुगा. शिंपला. कुणाच्या तरी गळाची तुटकी दोरी. मऊ काहीतरी लागलं आणि मी हात जागीच धरला, पण तो समुद्रानं आणून टाकलेला स्पंजाचा तुकडा होता. डाव्या बुटाच्या मागं वीतभर जागा चाचपली, बूट मागं घेऊन गुडघा टेकला. उजव्या बुटाच्या बाजूला हात नेला.

तिथं ते होतं. बुटाच्या तळव्याच्या कडेला चिकटून, बोटभरही अंतर नव्हतं. आधी डोळ्यांना दिसलंच नाही, हाताला लागलं. वाळूपेक्षा जरा जास्त गरम, आणि आत घड्याळासारखं काहीतरी भरभर चाललेलं. मग डोळ्यांना दिसलं. डोळा उघडा होता, काळा, ओला, माझ्याकडं रोखलेला. बाकी ते वाळूच होतं.

"एक आहे," मी म्हणालो. "जिवंत आहे. माझ्या बुटाशी."

"देवा रे," मर्ल म्हणाली. मग म्हणाली, "हात लावलास का?"

"लागला."

"आता नको लावू. दुसरं?"

"बघतो."

मी उजवा बूट उचलून, पिल्लापासून लांब, मागं चाचपलेल्या जागेत ठेवला. आता एक आहे कुठं ते ठाऊक होतं, त्यामुळे दुसरं आणखीच कुठंही असू शकत होतं. मी दोन्ही हातांनी अर्धवर्तुळ चाचपलं. नाही. पुढं वाकून चाचपलं. नाही.

"बुटाखाली नसेल ना?" मी म्हणालो.

"दोन्ही बूट उचललेस. खाली काही दिसलं?"

"नाही. ठसेच आहेत."

"मग." वाऱ्याचा आवाज तिच्याकडचा आणि माझ्याकडचा असा दोनदा ऐकू येत होता. "क्लेम, त्या ट्रायपॉडचे पाय कुठं टेकवलेस?"

मी बुटांचा विचार करत होतो, गुडघ्यांचा करत होतो. ट्रायपॉडला तर मी आधारासाठी धरून होतो. त्याला तीन पाय होते, तिन्हींच्या टोकांना लोखंडी अणकुची, वाळूत रुतावी म्हणून मीच बसवलेली. आणि त्यातला एक मी माझ्या हातानं दाबून रोवला होता. रोवताना डोळा लेन्सला होता. खाली बघितलंच नव्हतं.

"दिसतंय का काही?" मर्लनं विचारलं.

पहिल्या पायाशी काही नव्हतं. दुसऱ्या पायाशी काही नव्हतं. तिसरा, जोरात रोवलेला, शेवाळाच्या एका जाड गुंडाळीतून खाली गेला होता. त्या गुंडाळीच्या कडेला, अगदी लोखंडाला लागून, पांढरट लव दिसत होती. नखाएवढी. वाऱ्यानं हलत होती. नुसती लवच हलत होती की तिच्याखालचंही काही, ते कळायला मार्ग नव्हता.

"आहे," मी म्हणालो.

"जिवंत?"

"शेवाळाखाली आहे. थोडंसंच दिसतंय. पाय तिथंच गेलाय."

"त्याच्यावर?"

"ठाऊक नाही."

"उपसू नको!" ती ओरडली. "हलवू नको तो पाय. वरती असेल तर..." तिनं पुढं सांगितलं नाही. आतून गेला असेल तर उपसताना काय होईल ते दोघांनाही कळत होतं. आणि शेवाळ उचकटून बघावं तर माझे ते हात.

"किती वेळ झाला?"

"नऊ. निघ तिथनं. कॅमेरा सोडव, ट्रायपॉड राहू दे. निघ."

मी कॅमेरा स्क्रूवरनं सोडवला. तो सोडवताना ट्रायपॉड डगमगू नये म्हणून दात इतके घट्ट आवळले की कवळी टोचायला लागली. मग कॅमेरा गळ्यात अडकवून, उलट्या हातानं मागची वाळू चाचपत, गुडघ्यांवर मागं मागं सरकत गेलो. पहिल्या पिल्लाचा डोळा मी दिसेनासा होईपर्यंत माझ्यावर होता. ओल्या वाळूला पाय लागला तेव्हा उठता येईना. एक लाट कमरेपर्यंत भिजवून गेली, तिच्या गारव्यानं मी उठलो.

कोल्हाही उठला होता.

"पळ," मर्ल म्हणाली. "पाण्याकाठानं पुढं जा आणि पलीकडनं टेकडीवर चढ. त्याच्यावर जा."

मी पळालो. एकोणऐंशीव्या वर्षी माणूस पळतो त्याला पळणं म्हणत नाहीत, पण मी हात वर करून ओरडत गेलो, आणि टेकडीच्या वाळूत चार पायांवर चढलो. गवतानं हात कापले. कोल्हा दहा-बारा पावलं मागं सरला. थांबला. मी वाळूचे गोळे मारले. तो आणखी मागं गेला, झुडपात शिरला. गेला की बसला ते दिसलं नाही.

"झुडपात आहे," मी धापा टाकत म्हणालो.

"तू तिथंच बस. तो जिथं बसला होता तिथं. आणि तिथं मूत."

"काय?"

"माणसाचा वास नको असतो त्याला. एरवी दर अर्ध्या तासाला तुझं तेच चाललेलं असतं. आज जरा कामाला आण."

मी उभा राहिलो. भीतीनं तेही येईना. खाली मादी पाण्यापासून वर यायला लागली होती, थांबत, मान उंच करत. शेवटी आलं एकदाचं. मर्लला सांगितलं. तिनं हसायला पाहिजे होतं, पण ती हसली नाही.

"गप्प बस आता," ती म्हणाली. "मादी बोलावतेय."

हुडीचा तो आवाज फार हळू असतो. वाऱ्यात मला ऐकू आला नाही, फक्त तिची मान हलताना दिसली. माझ्या बुटाशी होतं ते पिल्लू उठलं. वाळूचा एक कण उठून पळावा तसं पळालं आणि तिच्या पोटात शिरलं. मादी खाली बसली.

"पाय चार दिसतायत," मर्ल म्हणाली. "तिचे दोन, त्याचे दोन. एक आलं."

पोटाखाली पिल्लू घेऊन मादी अर्धवट बसते तेव्हा तिच्या खाली पाय मोजता येतात. आम्ही नेहमी तसंच मोजतो. पिल्लू स्वतः दिसत नाही, पाय दिसतात.

सूर्याची कड पाण्याला लागली. मादी उठली. पुन्हा मान हलली. पुन्हा. ती पहिल्या पिल्लाला घेऊन ट्रायपॉडच्या दिशेनं चार पावलं चालली. लोखंडाला भ्यायली, मागं फिरली. बाप पंख आवरून तिच्यापाशी आला. दोघं उभी राहिली. ट्रायपॉडपाशी काही हललं नाही.

"चौदा मिनिटं," मर्ल म्हणाली. मी विचारलं नव्हतं.

"तो पाय मी वरनं दाबला, मर्ल. दोन्ही हातांनी."

"गप्प बस म्हटलं ना."

मादी पुन्हा गेली. या वेळी थांबली नाही. ट्रायपॉडच्या तिसऱ्या पायाशी, शेवाळाच्या गुंडाळीला अंग लावून, ती बसली. पिल्लू तिच्यामागनं धावत येऊन आत शिरलं. ती अंग हलवत होती, अंडी नीट करताना हलवतात तसं. बराच वेळ हलवत होती. मग गप्प झाली.

"मोज," मी म्हणालो.

"दिसत नाही. तुझं ते लोखंड मध्ये येतंय. आणि उजेड गेला. तुझ्याकडनं बघ."

मी पालथा पडलो, कोपर वाळूत रोवलं, लेन्स गवतातून बाहेर काढली. आता उजेड नुसता राखेच्या रंगाचा होता. लेन्समधून मादी म्हणजे एक काळा ठिपका आणि एक पांढरा ठिपका. मी श्वास धरला आणि बटण दाबलं. कॅमेऱ्यानं फार वेळ घेतला. हात हलला. पुन्हा काढला. पुन्हा. सातवा का आठवा बरा आला. मी तो पडद्यावर मोठा केला, आणखी मोठा केला, इतका की पाखराचे नुसते चौकोनी तुकडे झाले, आणि मग एक पायरी लहान केला.

मादीचं पोट. खाली काड्या. ट्रायपॉडचा जाड पाय वेगळा कळत होता. मी बोटानं मोजल्या. पुन्हा मोजल्या. माझा माझ्यावर विश्वास नव्हता, म्हणून मागचा, जरा हललेला फोटो काढून त्याच्यावरही मोजल्या.

"क्लेम?"

"पाच."

"काय पाच?"

"पाय पाच आहेत."

ती मोजत होती, बोटांवर मोजत असणार. मग म्हणाली, "पाच म्हणजे तीन पाखरं."

"हो."

"दोन्ही आहेत मग. पाच होतील कसे नाहीतर?"

"सहावा नाही, मर्ल."

"दुमडला असेल. पाखरं एका पायावर उभी राहतात की नाही? गारठा आहे. दुमडणारच."

"नऊ दिवसांचं पिल्लू दुमडतं का?"

याचं उत्तर तिला ठाऊक असायला हवं होतं, मलाही. तिची अकरा आणि माझी नऊ, अशी वीस वर्षं आम्ही ही पाखरं बघितली होती.

"सकाळी कळेल," ती म्हणाली. "पळताना कळेल."

"तू घरी जा. गारठशील."

"आणि तू?"

"झुडपात तो आहे."

"मग मला काय सांगतोस घरी जा म्हणून."

अंधारात मादी दिसेनाशी झाली. ट्रायपॉड तेवढा आकाशावर उभा दिसत होता, तीन पायांवर. मी झुडपाकडं तोंड करून बसलो. वर कठड्यापाशी मर्लनं गाडीचे दिवे लावले नव्हते, पाखरांना त्रास नको म्हणून. वॉकीटॉकी मी कानाशी धरली. तिनं बटण दाबूनच ठेवलं होतं. तिचा श्वास ऐकू येत होता.